पागोट्यांची शिडे

परभणी जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही. सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा, कोठूनही पश्चिमेला सरळ रेघ ओढली तरी कोकणचा किनारा साधारण चारशे किलोमीटर दूर राहतो, आणि मध्ये सह्याद्री आडवा येतो. तरीही मंद वाऱ्याची किंमत या मुलखाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मळणी यंत्रे येण्याआधी उन्हाळ्याच्या तोंडावर गावोगावच्या खळ्यांत ज्वारी उपणली जाई. उंच तिवईवर उभा राहिलेला माणूस सुपातून दाणे सोडी; भूस वाऱ्याबरोबर बाजूला जाई आणि दाणा सरळ खाली पडे. वारा पडला की काम थांबे. फारच खोळंबा झाला तर दोघे जण धोतराची किंवा चादरीची टोके धरीत, ते कापड जोराने हलवीत आणि त्याचाच वारा करून घेत.

खळ्यात कापडाने वारा केला जाई. समुद्रावर याच्या नेमके उलट करावे लागते: जवळजवळ नसलेला वारा कापडाने वेचून घ्यावा लागतो. २९ मार्च १७५५ रोजी, म्हणजे परभणीकडे खळी भरलेली असतात त्याच दिवसांत, रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णैसमोरच्या समुद्रात हे घडले. तुळाजी आंग्रे यांचे आरमार इंग्रजांच्या एका मोठ्या लढाऊ जहाजापुढे पळत होते. वारा अगदी थोडा होता. होती नव्हती तेवढी शिडे चढवून झाल्यावर आंग्र्यांच्या खलाशांनी जहाजावरचे जड सामान समुद्रात फेकले. आणि मग अंगावरचे कपडे, गोधड्या, डोक्यावरची पागोटीसुद्धा काठ्यांवर ताणून वाऱ्याला धरली.

ही हकिकत रॉबर्ट ऑर्म याच्या इतिहासग्रंथात आहे. ऑर्मचा जन्म १७२८ मध्ये केरळच्या किनाऱ्यावरील अंजेंगो येथे झाला, आयुष्याचा मोठा भाग कंपनीच्या चाकरीत गेला, आणि ग्रंथाचा पहिला खंड १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आठवण ताजी असतानाच लिहिली गेलेली ही नोंद. परंतु ती जिंकणाऱ्या बाजूची आहे, हेही विसरून चालत नाही.

आज हा प्रसंग कोणी सांगितला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. पराभूत माणसांची घाबरगुंडी, बुडत्याची काडी, असा त्याचा अर्थ लावला जातो. हा अर्थ चुकीचा आहे. त्या दिवशी गलबतांवर जे झाले ते दर्यावर्दी शहाणपण होते. आणि त्याच तत्त्वावर त्या काळातील सर्वांत प्रगत युरोपीय जहाजे मंद वाऱ्यात चालत असत. फरक इतकाच की युरोपीय जहाजांवर त्या कापडाला नाव होते, ठरलेली जागा होती आणि बांधण्याची दोरी होती.

ते कापड कोणते, हे आधी पाहणे सोयीचे होईल.

युरोपीय बांधणीच्या मोठ्या जहाजांना दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. प्रत्येक डोलकाठीवर एकावर एक आडव्या काठ्या टांगलेल्या असत. कोकणात अशा काठीला परबाण म्हणतात. परबाणाला चौकोनी शीड बांधलेले असे. सर्वांत खाली जाड कापडाचे मोठे शीड, त्याच्यावर दुसरे, त्याच्यावर तिसरे. एवढी शिडे चांगल्या वाऱ्यात पुरेशी होत. प्रश्न उभा राही तो वारा मंदावल्यावर.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग निम्मा झाला की जोर निम्मा राहत नाही, एक चतुर्थांश उरतो. वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला तर जोर नवव्या हिश्श्यावर येतो. म्हणून मंद वाऱ्यात जहाज चालते ठेवायचे असेल तर कापड थोडेथोडके वाढवून भागत नाही, ते भरमसाट वाढवावे लागते. ते वाढवण्याला दोनच दिशा होत्या: वर आणि बाजूला.

वरची दिशा सोपी. पाण्याला घासून वाहणारा वारा खाली मंदावतो, उंचावर तो अधिक मोकळा असतो. म्हणून तिसऱ्या शिडावर चौथे चढवले गेले, त्याला इंग्रजीत रॉयल म्हणत. त्याच्यावर पाचवे, त्याचे नाव स्कायसेल, म्हणजे आभाळाचे शीड. काही हौशी कप्तान त्याच्याही वर रुमालाएवढे आणखी एक शीड चढवीत. त्याच्या नावात चंद्र असे. अशा नावांत खलाशांची थट्टा आहे, तसा अभिमानही आहे.

बाजूची दिशा अवघड आणि म्हणूनच अधिक रंजक. परबाणाच्या टोकाशी लोखंडी कड्यांत एक जादा दांडा बसवलेला असे. वारा पडला आणि तो मागून येत असला की हा दांडा बाहेर सरकवीत. त्याने परबाणाची लांबी जहाजाच्या कडेबाहेर, पाण्यावर, वाढे. त्या वाढीव लांबीवर मुख्य शिडाच्या शेजारी एक अरुंद, उंच शीड चढवले जाई. इंग्रजी खलाशी त्याला स्टन्सल म्हणत. दोन्ही अंगांची अशी शिडे लागली की जहाजाची रुंदी डोळ्यांदेखत दुप्पट झाल्यासारखी दिसे. जुन्या चित्रांत पंख पसरलेली जी जहाजे दिसतात त्यांचे पंख हेच.

हिंदी महासागरातील खलाशांनी त्याला स्वतःचे नाव दिले होते: दस्तूर. इंग्रज ज्यांना लास्कर म्हणत त्या खलाशांची एक मिश्र बोली होती. तीत फारसी, हिंदुस्तानी, पोर्तुगीज असे अनेक शब्द एकत्र नांदत. थॉमस रोबक याने या बोलीचा कोश १८११ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध केला. तीत दुसऱ्या मजल्याचे शीड म्हणजे गावी, तिसऱ्याचे सबर, चौथ्याचे तबर. यातला गावी हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. परबाणालाही या बोलीत परवान असे जवळचेच रूप आहे. रत्नागिरीकडची हजारो माणसे पुढे याच बोलीत हुकूम ऐकत जगभर फिरली.

दस्तूर चढवणे हे कुशल माणसांचे काम होते. दांडा सरकवायला काही जण वर, दोऱ्या ओढायला काही खाली, आणि सगळ्यांच्या हालचाली एका तालात. लढाऊ जहाजावर शेकडो माणसे असत म्हणून ते परवडे. व्यापारी जहाजांवरची माणसे पुढे कमी होत गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही शिडे जवळजवळ नाहीशी झाली. शिवाय धोकाही होताच. वारा एकाएकी वाढला तर दांडे काडीसारखे मोडत. म्हणून दस्तूर लावलेल्या जहाजावर कोणीतरी सतत क्षितिजाकडे डोळे लावून बसलेला असे.

कापडाचीही एक गोष्ट यात आहे. वादळातले शीड जाड हवे, मंद वाऱ्यातले पातळ. जाड कापड स्वतःच्या वजनानेच लोंबते; हलकी झुळूक ते उचलू शकत नाही. म्हणून वरच्या आणि बाजूच्या शिडांना मुद्दाम पातळ कापड वापरीत. युरोपात ते जवसाच्या जातीतील तागाचे असे. हिंदुस्थानात ते कापसाचे. मुंबईच्या डोंगरी भागावरून ज्या जाड्याभरड्या सुती कापडाला डुंगरी हे नाव मिळाले, ते तंबूंसाठी आणि शिडांसाठी वापरले जाई. तोच शब्द पुढे इंग्रजीत कामगारांच्या विजारीला चिकटला. सुती शीड आखूड धाग्याचे असले तरी घट्ट विणले तर वारा गळू देत नाही. १८५१ मध्ये अमेरिका नावाच्या नौकेने इंग्लंडच्या किनाऱ्यावर शर्यत जिंकली तेव्हा तिच्या सुती शिडांची चर्चा झाली. हिंदी महासागरात ती शिडे त्याआधी शतकानुशतके चालत आली होती, हे सांगायला त्या चर्चेत कोणी नव्हते.

कोकणच्या जांभ्या मातीत आणि धो धो पावसात कापूस फारसा होत नाही. किनाऱ्यावर विणले जाणारे सूत घाटावरच्या काळ्या जमिनीतून उतरे, किंवा गुजरातेतून पाण्यावाटे येई. गोदावरीच्या दोन्ही तीरांवरची परभणीची काळी माती त्याच दख्खनी पट्ट्यातली. आजही परभणीच्या कृषी विद्यापीठात देशी कापसाच्या जातींवर काम चालते.

आता वारा. कोकण किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर वाऱ्याचे दिवसाचे वेळापत्रक ठरलेले असते. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो; दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा येतो. या दोहोंच्या मध्ये, सकाळी काही तास, समुद्र तेलासारखा सपाट पडतो. शाळेच्या भूगोलात हे दोन ओळींत संपते. अठराव्या शतकात त्या काही तासांवर माणसांची आयुष्ये ठरत.

आंग्र्यांच्या आरमाराची सारी रचना या तासांसाठी होती. ऑर्मने त्यांच्या जहाजांचे वर्णन बारकाईने केले आहे. गुराब हे मोठे जहाज: बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन, तीन काठ्यांचे असले तर सुमारे तीनशे टनांचे, दोन काठ्यांचे असले तर दीडशे टनांपर्यंतचे. लांबीच्या मानाने रुंद, तळ उथळ, आणि पुढे लांब निघालेले नाक. त्या नाकावरून मारा करणाऱ्या दोन जड तोफा पुढच्या अंगाला. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आत. मुख्य काठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, आणि चाळीस ते पन्नास वल्ही. वल्ह्यांवर ते ताशी चार मैल जाऊ शके.

चार मैल म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु समोरचे जहाज ताशी शून्य मैलाने उभे असेल तर चार मैल हा विजेचा वेग आहे.

एखादे व्यापारी जहाज किनाऱ्याच्या टप्प्यात आले की खाडीतून आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते बाहेर पडत. वारा चांगला असला तर ती त्यांच्या हलक्या बांधणीमुळे वेगाने जात. वारा नसला तर गलबते वल्हवू लागत आणि गुराबांना दोरीने ओढून नेत. जहाजाच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा कमी असत, तिथे गुराबा उभ्या राहून डोलकाठ्यांवर मारा करीत. काठ्या पडल्या की गलबतांतली माणसे चढाई करीत. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने डर्बी हे ईस्ट इंडिया कंपनीचे मोठे जहाज पकडले. त्यावर सोने होते आणि जहाजांना लागणारे सामानही. १७४९ मध्ये तुळाजींनी मुंबईच्या आरमारातील रेस्टोरेशन हे जहाज घेतले. हे नाव ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मंद वारा हे आंग्र्यांचे शस्त्र होते, आणि रॉयल, स्कायसेल, दस्तूर ही त्या शस्त्रावरची युरोपीय ढाल होती. एकाने पडलेल्या वाऱ्यावर वल्ह्यांनी मात केली, दुसऱ्याने अधिक कापडाने. वल्ह्याला माणसाचा दम लागतो, आणि तो दोन-तीन तासांत सरतो. कापडाला दम लागत नाही. मात्र त्याला थोडा तरी वारा लागतो. दोन्ही उपायांची मर्यादा अशी वेगवेगळी होती, आणि त्या मार्चमध्ये दोन्ही एकाच समुद्रात समोरासमोर आले.

समोरासमोर येण्याची कारणे मात्र वाऱ्यातली नव्हती, पुण्यातली होती. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली. दक्षिणेकडचा भाग आणि विजयदुर्ग अखेरीस तुळाजींकडे आला. तुळाजी पेशव्यांना जुमानीत नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी हातमिळवणी करण्याचे ठरवले. कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बोलणी केली आणि मार्च १७५५ मध्ये करार झाला. मराठ्यांनी आपल्याच आरमाराचा सर्वांत बळकट भाग मोडण्यासाठी परक्या आरमाराला बोलावले. या निर्णयाचा पेशव्यांच्या बाजूने कितीही युक्तिवाद झाला असला, तरी त्याचे समर्थन करणे अवघड आहे.

२२ मार्च रोजी कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. त्याच्याजवळ फारसे काही नव्हते: चव्वेचाळीस तोफांचे प्रोटेक्टर, सोळा तोफांचे एक लहान जहाज, आणि गरनाळी गोळे फेकणारी दोन. वाटेत पेशव्यांचे आरमार येऊन मिळाले, सात गुराबा आणि साठ गलबते, सरदार नारोपंत. २९ मार्चला हे सारे सुवर्णदुर्गासमोर आले.

सुवर्णदुर्ग हर्णैच्या किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावरील बेटावर उभा आहे. त्याच्या आश्रयाला तुळाजींचे आरमार नांगरून पडले होते. शत्रू दिसताच त्याने नांगराचे दोर सोडले आणि समुद्र गाठला.

इथपर्यंत पेशव्यांची गलबते प्रोटेक्टरच्या पुढे पळत होती. पाठलाग सुरू झाला आणि ती मागे मागे राहू लागली. इंग्रज लेखकांनी याबद्दल त्यांना नावे ठेवली आहेत. ज्यांच्यावर गोळे टाकायचे ते सोयरे-धायरे, एकाच खाडीचे पाणी प्यालेले, हे मुंबईच्या कमोडोरला कळण्यासारखे नव्हते. अखेर प्रोटेक्टर एकटेच पाठीवर राहिले.

मार्चमध्ये दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. दक्षिणेकडे पळणाऱ्या जहाजांना तो मागून मिळतो, आणि मागून येणारा वारा हीच मंद वाऱ्यातल्या जादा शिडांची पहिली अट. प्रोटेक्टरवर कप्तानाने उपलब्ध होते ते सारे कापड चढवले असणार. पाठलागात कोणताही कप्तान तेच करतो. उंच काठ्या, अनेक मजल्यांची शिडे, यामुळे त्या पडत्या वाऱ्यात ते जड जहाज हळूहळू अंतर कापू लागले. आंग्र्यांच्या गलबतांजवळ एकच मोठे त्रिकोणी शीड. वर मजले नाहीत, बाजूला दांडे नाहीत. वल्ही होती, परंतु तासन्‌तास चालणाऱ्या पाठलागात वल्हेकरी किती वेळ पुरणार?

अशा वेळी जहाजावर जे करता येते ते दोनच प्रकारचे असते. वजन कमी करणे आणि कापड वाढवणे. त्यांनी दोन्ही केले, आणि योग्य क्रमाने केले. सामान पाण्यात गेले, त्याने तळ हलका होऊन पाण्याचा अडथळा कमी झाला. मग काठ्या उभ्या राहिल्या आणि त्यांवर गोधड्या, अंगरखे, पागोटी ताणली गेली.

पागोट्याचे कापड लांब, पातळ, सुती. आजचा फेटा सुमारे आठ मीटर लांब आणि मीटरभर रुंद असतो. तो हिशेब धरला तर वीस फेट्यांचे कापड दीडशे चौरस मीटरांहून अधिक भरते. पातळपणा येथे दोष नव्हता, तो गुण होता. ज्या झुळकेने जाड शीड नुसते हलते त्या झुळकेने पातळ सुती कापड फुगते. रॉयल आणि दस्तूर ज्या कारणाने पातळ कापडाचे करीत, तेच हे कारण. गोधडी जड खरी, पण तीतून वारा गळत नाही. हातात धरलेल्या काठ्या म्हणजे परबाणाबाहेर सरकवलेले दांडेच. ज्यांनी हे केले त्यांना जहाजाच्या कोणत्या बाजूला, किती उंचीवर, वाऱ्याच्या कोणत्या अंगाला कापड धरायचे हे कळत असले पाहिजे. नाहीतर मुख्य शिडाचाच वारा अडला असता.

याच्याशी ताडून पाहण्यासारखा एक प्रसंग सत्तावन्न वर्षांनंतर अटलांटिकमध्ये घडला. जुलै १८१२ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेचे कॉन्स्टिट्यूशन हे लढाऊ जहाज पाच ब्रिटिश जहाजांच्या तावडीत सापडले आणि वारा पडला. कप्तान आयझॅक हल याने होड्या उतरवून जहाज ओढवले. नांगर होडीतून पुढे नेऊन टाकायचा आणि दोर गुंडाळीत जहाज त्याच्याकडे खेचायचे, असेही तासन्‌तास केले. पिण्याचे हजारो लिटर पाणी समुद्रात सोडून वजन घटवले. आणि बादल्यांनी पाणी वर चढवून शिडे भिजवली. भिजलेला धागा फुगतो, विणीतली भोके बुजतात आणि कापड अधिक वारा धरते. सत्तावन्न तासांनी ते जहाज निसटले. अमेरिकेत हा पलायनाचा पराक्रम म्हणून आजही अभिमानाने सांगितला जातो.

वजन फेकणे, माणसांच्या बळाने जहाज हलवणे, कापडाकडून शेवटची झुळूक वसूल करणे: हर्णै आणि न्यू जर्सी यांत तत्त्वाचा काडीचाही फरक नाही. एक प्रसंग पाठ्यपुस्तकात गेला, दुसरा विनोदात.

त्याच कॉन्स्टिट्यूशनने त्या वर्षीच्या डिसेंबरात ब्राझीलजवळ जावा हे ब्रिटिश जहाज जिंकून जाळले. जावा हिंदुस्थानकडे निघाले होते. त्यावर मुंबईच्या गोदीत बांधायच्या ट्रिंकोमाली या जहाजाचे आराखडे होते, आणि मुंबईच्या फौजेचा नियोजित सरसेनापती टॉमस हिस्लॉपही होता. आराखडे पुन्हा पाठवावे लागले. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ते जहाज सागवानात बांधून १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडले. ते आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे डोलकाठ्यांसह उभे आहे. हिस्लॉपची सुटका झाली. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव केला तो याच माणसाने. समुद्रावरच्या एका झुळकेचा धागा कोठवर जातो, हे सांगणे कठीण.

हर्णैसमोर मात्र धागा इतका लांबला नाही. प्रोटेक्टर सर्वांत मागच्या जहाजांपासून तोफेच्या टप्प्यात आले, पण तोवर संध्याकाळ झाली. सुवर्णदुर्ग कित्येक मैल मागे राहिला होता. जेम्सने पाठलाग सोडला आणि तो परत फिरला. पागोट्यांनी आपले काम केले होते.

पण आरमार वाचले म्हणजे किल्ला वाचला असे नव्हते. २ एप्रिलला सुवर्णदुर्गावर मारा सुरू झाला. एका गोळ्याने आग लागली, ती दारूच्या कोठारापर्यंत पोहोचली, आणि दोन-तीन दिवसांत किल्ला पडला. आरमार जवळ असते तर ते किती काळ टिकले असते? उथळ पाण्यात वल्ह्यांच्या गलबतांनी प्रोटेक्टरला अडवले असते, असे म्हणणारे म्हणतील. चव्वेचाळीस तोफांपुढे, मागे साठ परकी झालेली गलबते असताना, ते फार टिकले नसते, असे मानायला जागा आहे. निसटण्याचा निर्णय भित्रेपणाचा नव्हता. लढाऊ जहाज हे किल्ल्यापेक्षा दुर्मीळ असते.

दुर्दैव पुढे होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन राजाच्या आरमारासह विजयदुर्गासमोर आला. जमिनीवरच्या तुकडीचे नेतृत्व रॉबर्ट क्लाइव्हकडे होते. तुळाजी स्वतः पेशव्यांच्या छावणीत बोलणी करण्यासाठी गेले होते. त्यांचे सारे आरमार किल्ल्याखाली खाडीत एकमेकांशी जखडून नांगरलेले होते. १२ फेब्रुवारीला एक गोळा रेस्टोरेशनवर पडला. इंग्रजांकडून घेतलेले तेच जहाज पेटले आणि त्याची आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली. ज्या गलबतांना हर्णैसमोर वाऱ्याचा एक श्वास पुरला होता ती सारी, दोर न सोडता, जागच्या जागी जळाली. दुसऱ्या दिवशी किल्ला शरण आला.

या मोहिमेत इंग्रजांना बाणकोट मिळाले. विजयदुर्ग त्यांनी बराच घोळ घालून पेशव्यांना दिला. जेम्स श्रीमंत होऊन इंग्लंडला गेला आणि १७८३ मध्ये वारला. त्याच्या पत्नीने पुढच्या वर्षी लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी मनोरा बांधला. त्याला सेव्हर्नड्रूग कॅसल म्हणतात. सेव्हर्नड्रूग म्हणजे इंग्रजी उच्चारातला सुवर्णदुर्ग. तो मनोरा अजून उभा आहे. मुंबईत भारतीय नौदलाच्या तळाला आय.एन.एस. आंग्रे हे नाव आहे, आणि गोव्यात बांधलेल्या तरंगिणी आणि सुदर्शिनी या जहाजांवर नौदलाचे तरुण आजही परबाणांवर चढून चौकोनी शिडे सोडायला शिकतात. हर्णैच्या किनाऱ्यावर मार्चमध्ये सकाळी नऊ-दहाच्या सुमारास समुद्र सपाट असतो. पहिली झुळूक त्यानंतर येते.